पहिला घास

एका राज्यात, जिथे वेशीवरचा नगारा वाजल्याशिवाय कोणी पाहुणा आत पाऊल टाकत नसे, तिथली राजकन्या वेत्रवती सात समुद्रांपलीकडून विद्या शिकून परत आली, आणि नगारा वाजलाच नाही.

तिला वाटलं होतं, वेशीला तोरणं असतील. रस्त्यावर सडे पडले असतील, सुवासिनी पंचारत्या घेऊन उभ्या असतील आणि बाबा पांढऱ्या घोड्यावरून सामोरे येतील. जहाजावर तिने मनाशी एक भाषणही जुळवून ठेवलं होतं. आपण आता कुठे पाट काढणार, कुठे पाठशाळा उघडणार, डोंगरापलीकडची नदी अलीकडे कशी वळवणार, सगळं त्यात होतं. ते भाषण तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की खलाशांनासुद्धा तोंडपाठ झालं होतं.

वेशीत तिला झाडं दिसली.

नगाऱ्याशेजारी जिथे नगारची बसायचा, तिथे एक बुटकं झाड उभं होतं आणि त्याच्या फांदीत नगाऱ्याची टिपरी अडकून राहिली होती. पेठेत कापडाच्या दुकानात गादीवर झाड होतं. पाणवठ्याच्या पायरीवर एका झाडाने कमरेला घागर लावली होती. प्रत्येक झाडावर घरटं होतं आणि घरट्यात एक गुबगुबीत पाखरू बसून आपल्याशीच बोलत होतं. जी माणसं अजून माणसं होती ती वाळून काठीसारखी झाली होती. त्यांच्या खांद्यावर पाखरं होती, आणि पाखरांच्या चोची त्यांच्या कानांत होत्या.

राजवाड्याच्या दारात प्रधान नीतिधर भेटले. त्यांच्या खांद्यावर एक पिवळं पाखरू होतं.

"प्रधानजी, माझ्या नगराला झालंय तरी काय?"

"हळू बोला, राजकन्ये. शेजारच्यांची पाखरं ऐकतात."

"पागोटं वाकडं झालंय," पिवळं पाखरू म्हणालं. "ती मनात हसली."

प्रधानांनी घाईने पागोटं सारखं केलं. मग भिंतीला पाठ लावून, इकडेतिकडे बघत, त्यांनी हकीकत सांगितली.

राजा धवलसेनाने उत्तरेच्या मायावी व्याघ्रकेशाला युद्धात जिंकलं आणि त्याचा खजिना नगरात आणला. त्यात सोन्याचा एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात तीन बोलकी पाखरं होती. राखी पाखरू सरलेल्या दिवसाचं बोलायचं, काय चुकलं ते. काळं पाखरू येणाऱ्या दिवसाचं बोलायचं, काय बिघडेल ते. पिवळं पाखरू दुसऱ्यांच्या मनातलं बोलायचं, कोण आपल्याला काय म्हणतंय ते. एके दिवशी पहाटेच काळं पाखरू किंचाळलं, "कोठाराला आग लागेल!" आणि त्या दिवशी खरोखरच कोठारातून धूर निघाला. धान्य वाचलं. राजाने आनंदाने दवंडी पिटवली की आजपासून पहिला घास पाखराला.

या राज्यात जेवण्याआधी एक घास पानाबाहेर काढून ठेवायची चाल होतीच. कोणी गाईला ठेवी, कोणी कावळ्याला. तोच घास आता पाखराला जाऊ लागला आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पाखरं वाढली, घरोघर गेली. जितका घास मोठा तितका पाखराचा कंठ मोठा होई. पाखरू जेवलं की बोलू लागे, ते बोलू लागलं की माणसाची भूक मरे, उरलेलं अन्न पानात तसंच राही. मग एके दिवशी त्या माणसाला जागचं हलवत नसे. पायाला मुळं फुटत आणि अंगावर साल चढे.

"आणि झाड झालेल्यांच्या पाखरांना कोण भरवतं?"

"घरची माणसं. रोज पहिला घास बुंध्याशी ठेवतात. आपल्या माणसाच्या पाखराला उपाशी कसं ठेवायचं, राजकन्ये? लोक काय म्हणतील?"

वेत्रवती धावतच सभागृहात गेली. राजा धवलसेन सिंहासनावर बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांपर्यंत साल आली होती. डोक्यावर आणि दोन्ही खांद्यांवर तीन पाखरं होती.

"वेत्रा, आलीस?" राजा म्हणाला. "मी वेशीपर्यंत यायला हवं होतं. नाही आलो. यायला हवं होतं मी."

"लेकीला घ्यायला गेला नाहीस," राखी पाखरू म्हणालं.

"तीही आता या राज्यात झाड होईल," काळं म्हणालं.

वेत्रवती फार शिकली होती, पण तिला थांबणं कोणी शिकवलं नव्हतं. तिने तलवार उपसली आणि एका झटक्यात राखी पाखराचे दोन तुकडे केले.

दोन तुकड्यांची दोन पाखरं झाली. दोघंही एका सुरात बोलू लागली. तिने त्यांच्यावर वार केला, चार झाली. राजा कळवळला. करकर आवाज करत साल गुडघ्यांवरून कमरेवर आणि कमरेवरून छातीवर चढली, डावा हात सालीने गिळला. उजवा हात तेवढा मोकळा राहिला, कारण पाखरांना भरवायला तो लागत होता.

तलवार तिच्या हातून गळून पडली. तेवढ्यात उघड्या गवाक्षातून एक लहानसं हिरवं पाखरू आत आलं आणि आपलीच जागा असल्यासारखं तिच्या खांद्यावर बसलं.

"तू केलंस," ते म्हणालं. "एवढं शिकून आलीस आणि बापावर घाव घातलास."

जेवणवेळ झाली आणि दासीने तिच्यापुढे ताट ठेवलं. तिचं लक्ष बापाच्या छातीवरच्या सालीकडे होतं. घास हातात घेऊन तिने कधी खांद्याकडे नेला, तिचं तिलाच कळलं नाही. कळलं तेव्हा पाखरू चोच पुसत होतं. तिच्या तळपायाला खाज सुटली. तिने मोजडी काढून झटकली, तर आतून केसासारखं एक बारीक मूळ खाली पडलं.

"साल ओठांवर आली की वाचा जाते," प्रधान हळूच म्हणाले. "डोळ्यांवर आली की माणूस गेला. परत आलेला अजून कोणी पाहिला नाही."

"व्याघ्रकेश कुठे राहतो?"

"उत्तरेच्या कड्यावर. पण राजकन्ये, तो..."

ती तोवर घोड्यावर बसली होती.

कड्यावर मायावी कुठेच दिसेना. तिथे एक प्रचंड, वाकडातिकडा वृक्ष होता, त्यावर पाखरांचा बाजार भरला होता, आणि खोडात मधोमध एक तोंड होतं. त्या तोंडाला जांभई आली.

"तलवार आणलीस का?" तोंडाने विचारलं. "वा. मीही घेतली होती. ती बघ." खोडात मुठीपर्यंत एक तलवार रुतलेली होती. "तिच्याआधी माझ्याकडे तीनच पाखरं होती."

"व्याघ्रकेशा, माझ्या बापाला शाप तू दिलास."

"शाप? पोरी, तुझ्या बापाशी मी मुद्दाम हरलो. कोणीतरी तो पिंजरा एकदाचा घेऊन जावा म्हणून. पिंजरा गेला. पाखरं संध्याकाळी परत आली, आणि तिकडेही राहिली. ती दुसऱ्याला देऊन टाकता येत नाहीत."

"मग उतारा सांग."

"सांगतो. उतारा ठाऊक असून मला त्याचा काही उपयोग झाला नाही, तुला झाला तर बघ. कामं तीन आहेत. खाली राखेचं रान आहे, त्याच्या मध्यावर आपोआप उगवलेलं भात आहे. त्याला कोणाच्या पाखराची चोच लागलेली नाही. ते आण. पुढे दरीवर लांबणारा पूल आहे, त्याच्या पलीकडे मिठाचा खडक आहे. मीठ आण. मग घरी जा, भात शिजव आणि पाखरू खांद्यावर असताना पहिला घास स्वतः खा. त्याला हाकलायचं नाही, मारायचं नाही आणि भरवायचंही नाही."

"एवढंच?"

वृक्षावरची सगळी पाखरं खदखदून हसली.

"एवढंच," व्याघ्रकेश म्हणाला. "मी राखेच्या रानातूनच मागे फिरलो. मला माझी बाजू मांडायची होती."

राखेच्या रानाचा नियम असा होता, की पाखराला जो उत्तर देईल त्याचा पाय रुतेल. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते पायांनीच कळलं.

"तू घाव घातलास," हिरवं पाखरू म्हणालं.

"मी त्यांना वाचवायला गेले होते!"

राख घोट्यापर्यंत आली.

"त्यांची छाती लाकडाची झाली ती तुझ्यामुळे."

"मला ठाऊक नव्हतं! ठाऊक असतं तर मी..."

राख गुडघ्यापर्यंत आली. राख गार होती आणि तिला पकड होती. विद्यापीठात वेत्रवती वादात कधी हरली नव्हती. तिच्या जिभेवर आणखी दहा उत्तरं तयार होती, आणि एकापेक्षा एक बिनतोड होती. तिने आजूबाजूला पाहिलं. रानात ठिकठिकाणी राखेतून माणसांची डोकी वर आली होती. डोळे मिटून ती सगळी पुटपुटत होती, "पण मी...", "तसं नव्हतं...", "माझं ऐकून तर घ्या..."

घाव घातला होता. ते खरं होतं. त्याला उत्तर नव्हतं, आणि उत्तर द्यायलाच हवं असंही नव्हतं. वेत्रवतीने दहाही उत्तरं तोंडातच ठेवली आणि पाय उचलला. राखेने पाय सोडला. पाखरू बोलत राहिलं, ती चालत राहिली. जरा वेळाने ते तेच पुन्हा बोलू लागलं, मग तेच पुन्हा, आणि तिच्या लक्षात आलं की याला नवीन काही येतच नाही. रानाच्या मध्यावर पिकलेलं भात वाऱ्यावर डोलत होतं. तिने ओंब्या खुडून ओटीत घेतल्या.

पूल सोपा होता, म्हणजे तिला तो सोपा वाटला, कारण तो दरीवर चांगला पसरलेला दिसत होता. तिने अर्ध्यावर येऊन पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. टोक मागे सरकलं.

"तू पोचेपर्यंत साल गळ्यावर येईल," पाखरू म्हणालं. "बघ ना, किती लांब आहे."

तिने पुन्हा पाहिलं. टोक धुक्यात गेलं. जितकं पाहावं तितका पूल वाढत होता. ती मटकन खाली बसली, आणि खाली मान घातल्यावर तिला पुढ्यात एक फळी दिसली. फळी रुंद होती, मजबूत होती, पायाला पुरेशी होती. तिने तिच्यावर पाय ठेवला. मग पुढच्या फळीवर. पाखराने वाघ सांगितले, वादळं सांगितली, तुटके दोर सांगितले. ती फळीकडे बघत राहिली, आणि एकदा फळीऐवजी पायाखाली खडक आला. तिने वाकून चाखून पाहिला. खारट होता.

ती नगरात परतली तेव्हा माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर होता आणि राजाच्या हनुवटीपर्यंत साल आली होती.

"वेत्रा," तो म्हणाला, "तुला जाऊ द्यायला नको होतं मी."

"आले ना, बाबा. आता गप्प बसा. मला स्वयंपाक करायचाय."

तिने सभागृहात, सिंहासनासमोर तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. ओंब्या कांडल्या, तांदूळ पाखडले, आधण ठेवलं. सरदार जमले, दासी जमल्या, पेठेतली माणसं दारात जमली. त्यांच्या खांद्यांवरची पाखरं माना ताणून बघू लागली. भाताला कढ आला तशी कुजबूज वाढली.

"बाप मरतोय आणि ही जेवायला बसली."

"परदेशात हेच शिकवतात वाटतं."

"चुलीची फुंकणीसुद्धा उलटी धरलीय, बघा."

प्रधान नीतिधर घामाघूम झाले. "राजकन्ये, निदान पडद्याआड तरी बसा. सगळे बघताहेत."

"बघू द्या, प्रधानजी. तुम्हाला भूक असेल तर तुमचंही पान वाढते."

तिने भात वाढला, वर मीठ घातलं. वाफेचा वास सभागृहभर पसरला आणि कित्येकांना आपल्याला पोट आहे याची आठवण झाली. वेत्रवतीने घास उचलला. तेव्हा हिरवं पाखरू जे बोललं, ते त्याने रानात किंवा पुलावर म्हटलं नव्हतं. त्याने आवाज मऊ केला आणि तिचंच भाषण म्हणायला सुरुवात केली, तेच, जहाजावरचं.

"पाट काढायचेत," पाखरू म्हणालं. "पाठशाळा उघडायच्यात. नदी वळवायचीय. एवढं सगळं राहिलंय, आणि तुझा बाप अजून लाकडाचा आहे. आधी सगळं पुरं कर, मग जेव. तुझ्यासारखीला थकणं शोभत नाही, वेत्रवती. हा घास मला दे. मी तुला आठवण करून देत राहीन."

घास हवेतच थांबला. शिव्या दिल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. हे तर तिचंच बोलणं होतं, तिच्या मनातलं सगळ्यांत चांगलं बोलणं, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. हात आपोआप खांद्याकडे वळला. तळपायाला खाज सुटली.

तिने बापाच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. तो हात इतकी वर्षं रोज असाच वळत आला होता, भल्यासाठी.

"पाट काढेन," ती पाखराला म्हणाली. "जेवून."

आणि तिने घास तोंडात घातला.

भात कढत होता. तिची जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि इतकं चवदार तिने सात समुद्रांत कुठे खाल्लं नव्हतं. तिने दुसरा घास घेतला. पाखराने वाट पाहिली, पंख फडकवले, मग ते हलकं हलकं होत खांद्यावरून उठलं आणि वरच्या तुळईवर जाऊन बसलं. ते मेलं नाही. तिथून बोलत राहिलं, पण तुळई उंच होती आणि त्याचा आवाज आता लहान होता. मोजडीतली मुळं वाळून भुगा झाली.

वेत्रवतीने मूठभर भात राजाच्या उजव्या हातात ठेवला.

राजाचा हात वर गेला, आणि सवयीने डोक्यावरच्या पाखराकडे वळला.

"बाबा, स्वतःच्या तोंडात."

"आणि पाखरू उपाशी राहिलं तर? त्याच्यामुळे कोठार वाचलं होतं, वेत्रा. पुन्हा आग लागली तर सांगेल कोण?"

"आग लागली तर धूर दिसेल, बाबा."

"आणि नाही दिसला तर?"

साल खालच्या ओठाला टेकली. सभेतून एक हुंदका आला. वेत्रवतीला वाटलं, त्याचा हात धरावा आणि घास तोंडात कोंबावा. ते काम तिचं नव्हतं. तिने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि साधं विचारलं, लहानपणी तो तिला विचारायचा तसं.

"भूक लागलीय का?"

पाखरं कल्लोळ करत होती. मग राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सालीवरून ओघळलं.

"लागलीय ग," तो म्हणाला. "फार लागलीय."

वरचा ओठ तेवढा हलत होता. त्या फटीतून त्याने घास आत लोटला. चावला. गिळला.

"मीठ बेताचं आहे," तो म्हणाला. कित्येक वर्षांत हे त्याने आपणहून बोललेलं पहिलं वाक्य होतं, ज्यात काल नव्हता, उद्या नव्हता आणि लोक नव्हते.

मग हनुवटीवरची साल तडकली. छातीवरची फुटली, कमरेवरची गळाली, सिंहासनाच्या पायाशी ढलप्यांचा ढीग पडला. पाखरं भिरभिरत उठली आणि उघड्या गवाक्षांतून बाहेर गेली. भिंतीवरचा सोन्याचा पिंजरा मेणासारखा वितळून फरशीवर सांडला. राजा उठला, पहिल्याच पावलाला अडखळून लेकीच्या अंगावर पडला, आणि दोघंही हसत खाली बसली.

"पान वाढता ना?" प्रधान नीतिधरांनी विचारलं. त्यांचं पागोटं वाकडं झालं होतं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

भात पुरला नाही. माणसं आपापल्या घरी धावली, कारण पोळी, आमटी, शिळा भाकरतुकडा, घरात जे होतं तेही आता पुरेसं होतं. नगारचीच्या बायकोने रोजच्यासारखा पहिला घास घेऊन वेशीवरचं बुटकं झाड गाठलं. त्याच्या बुंध्याशी ती वाकली, थांबली, आणि घास तिने स्वतः खाल्ला. घरट्यातल्या पाखराने वाट पाहिली आणि ते उडून गेलं. नगरात घरोघरी तसंच होऊ लागलं. पेठेत साली फुटल्या, पाणवठ्यावर फुटल्या. राखेच्या रानातली माणसं, त्यांची पाखरंही उडून जाताच, अंग झाडत उठली. आणि इकडे राजवाड्यात बापलेक अजून जमिनीवरच बसली होती, तोच वेशीवरून तो आवाज आला.

धडाड् धडाड् धडाड्!

"राजकन्या आल्या हो!" नगारची बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "सात समुद्र ओलांडून आल्या! वाट मोकळी करा!"

त्या दिवशी नगारा थांबला नाही. राजाने नवी दवंडी पिटवली की आजपासून पहिला घास ज्याचा त्याने खावा, दुसरा हवा त्याला द्यावा. एका स्वाराबरोबर नव्याने शिजवलेला भात आणि मीठ उत्तरेच्या कड्यावर गेलं. स्वार परत येऊन म्हणाला, "महाराज, तो अजून स्वतःची बाजू मांडतोय. पण मधे थांबून त्याने आणखी थोडा भात मागितला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेत्रवती जागी झाली तेव्हा गवाक्षाच्या चौकटीवर हिरवं पाखरू बसलेलं होतं.

"कुंभारवाड्यात एक म्हातारी अजून झाड आहे," ते म्हणालं. "आणि तू झोपलीस."

वेत्रवती ताडकन उठली. पायात मोजडी अडकवून ती दाराशी पोचलीही होती. दारात प्रधान उभे होते.

"राजकन्ये, आज्ञा असेल तर सगळ्या पाखरांना राज्याबाहेर हाकलण्याची दवंडी पिटवतो. धनुर्धारी तयार आहेत."

खाली अंगणातून आवाज आला. राजा धवलसेन आपल्या पायांवर चुलीपाशी उभा होता, तोंडाला पीठ लागलं होतं. "वेत्रा! भाकरी गार होतेय!"

तिने पाखराकडे पाहिलं. ते खरं बोलत होतं. म्हातारी होती, पाट राहिले होते, नदी अजून पलीकडेच होती. तिने मोजडी काढली आणि दाराशी नीट जोडून ठेवली.

"धनुर्धाऱ्यांना न्याहारीला बोलवा, प्रधानजी," ती म्हणाली. "पाखरं राहू देत."

मग ती पाखराकडे वळली.

"ऐकलं," ती म्हणाली. "जेवून जाते."

गवाक्ष तिने उघडंच ठेवलं, आणि अनवाणी जिना उतरून ती बापाच्या शेजारी चुलीपाशी बसली. भाकरीचा पहिला तुकडा तिने मोडला, फुंकला, आणि खाल्ला.